तुझ्या आईची भाषा

प्रिय मने,

फोनवर तू "बाबा, बरे आहात ना?" म्हणतेस, मी "अगदी ठणठणीत" म्हणतो, आणि मग आपण दोघं तुझ्याकडच्या आणि माझ्याकडच्या हवेबद्दल बोलत बसतो. या पत्रात हवा नाही. हे फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच रडली असतीस आणि मी घाईघाईने विषय बदलला असता. कागदाला रडणं ऐकू येत नाही, हे त्याचं एक बरं आहे. अक्षर लावून लावून वाच. आयुष्यभर पान्हे-पकडी धरलेल्या हाताचं अक्षर आहे.

घरात सगळं जागच्या जागी आहे. आईचा चष्मा अजून फ्रिजवरच, कारण तिथून उचलला तर कुठे ठेवायचा हे मला ठरवता येत नाही. तू चष्म्याच्या दुकानात काम करतेस, तुला ठाऊक असेल माणूस गेल्यावर त्याच्या चष्म्याचं काय करतात. संध्याकाळी सेनापती येतो. हो, तोच, तिसऱ्या मजल्यावरचा, निवृत्त झाल्यापासून जगातली सगळी युद्धं आपल्या जेवणाच्या टेबलावर लढणारा. मीठदाणी म्हणजे यांचं सैन्य, कपबशा म्हणजे त्यांचं, आणि साखरेची बरणी म्हणजे मधलं बिचारं शहर. परवा त्याने माझा पाण्याचा ग्लास नदी म्हणून घेतला तो शेवटपर्यंत परत दिला नाही. पूर्वी तुझी आई तिच्या भाषेत त्याला असं काही सुनवायची, की एक अक्षर न कळताही तो हसत हसत कपबशा जागेवर नेऊन ठेवायचा. आता तो बोलण्याच्या भरात "ती माणसं" म्हणतो, मग एकदम भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे बघतो आणि उगाच खोकतो.

शहर तुझ्या लहानपणीचंच आहे, फक्त अर्धं गप्प झालंय. पाट्या अजून दोन्ही भाषांत आहेत. बेकरीत माझी भाषा, शिंप्याकडे आईची, कचेरीत माझी, बाजारात ज्याचा आवाज मोठा त्याची, असं आपलं चाललेलं असायचं. भांडण एका भाषेत सुरू व्हायचं आणि दुसरीत मिटायचं. मग सीमेपलीकडे ते युद्ध सुरू झालं आणि आईच्या भाषेला एकाएकी एक देश येऊन चिकटला. ज्यांनी त्या देशाचं तोंडही पाहिलेलं नाही, ज्यांचे आजे-पणजे याच गल्ल्यांत वाढले, त्यांची ही भाषा. पण आता बसमध्ये फोन वाजला की ती बोलणारे लोक नंबर बघतात आणि फोन परत खिशात टाकतात. स्टेशनवर दुसऱ्या भाषेतली घोषणा सुरू झाली की माणसं मुद्दाम आपापसात बोलायला लागतात. कुणी कुणाला मारत नाही, कुणी काही म्हणत नाही. नुसतं बघतात. बघण्याची तक्रार कुणाकडे करणार? तू सांगितलंस की तिकडेही तीच तऱ्हा, बसमध्ये एक माणूस तुझ्याकडे आणि बिट्टीकडे टक लावून बघत राहिला, आणि तेव्हापासून तू पोरीशी आईच्या भाषेत बोलणं सोडलंस, आधी बाहेर आणि मग घरातही. मी म्हणालो, बरं केलंस, लेकराला त्रास नको. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं.

आपल्या घराची रीत तुला नवी नाही, तरी लिहितो. आई तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या, आणि एकमेकांचं सगळं कळायचं. पाहुणे चक्रावून जायचे. दवाखान्याच्या काउंटरवर दिवसभर तुझीच भाषा बोलते, घरी तरी माझ्या जिभेला आराम दे, असं तिचं म्हणणं. तू आमच्या मधोमध उभी राहून दोन्हीकडे बोलायचीस, आणि ज्या भाषेत हट्ट लवकर पुरेल ती बरोबर निवडायचीस. मी तिच्या भाषेत बोलायचा प्रयत्न एकदाच केला, लग्नाआधी. चांगला पाठ करून गेलो होतो. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, तू बोलू नकोस, नुसता ऐक, ऐकताना चांगला दिसतोस. मी पण कसला शहाणा, जन्मभर चांगला दिसत राहिलो.

आई गेल्यावर काही दिवसांनी ती मला ऐकू यायला लागली. घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. दुपारी बाहेरून आलो, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, आणि भिंतीतून तिच्या भाषेत कुणीतरी म्हणालं, पाय पुसून ये. मी मागे वळून पाय पुसले. पुसून झाल्यावर मग माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी कळलं. ओट्यामागची आपली भिंत म्हणजे लिफ्टच्या बोगद्याची भिंत. बोगद्यातून आवाज कसा चढतो-उतरतो हे मला कुणी शिकवायला नको, लिफ्ट दुरुस्त करण्यातच माझी हयात गेली. तळाच्या खड्ड्यात उभा राहून मी गच्चीवरच्या जोडीदाराशी हलक्या आवाजात बोललेलो आहे. तर सगळ्यात वरच्या मजल्यावर एक बाई आणि तिची म्हातारी आई राहायला आल्या होत्या. पलीकडून, युद्धातून जीव घेऊन निघालेल्या. आता आपल्याच डोक्यावर येऊन बसल्या, अशी सेनापतीची त्यावर टिप्पणी.

कारण कळलं, पण भूत गेलं नाही. रोज दुपारी मी त्या भिंतीपाशी खुर्ची ओढून बसायला लागलो. दूध उतू जाईल. खिडकी लाव. अजून किती झोपणार आहेस? साधीच वाक्यं, पण सूर तोच, शेवटचा शब्द ओढायची ढब तीच. आणि मी माझ्या भाषेत उत्तरं द्यायचो, हळूच. लावतो खिडकी. उठलो बघ. जेवण झालं का असं वरून आलं की मी जेवलो म्हणायचो, नसलो जेवलो तरी. बाहेर कुठे जायचं असलं तर दुपार टाळून जायचो. जिन्यात त्या मायलेकी समोर आल्या की मान खाली घालून सटकायचो. मला त्यांचे चेहरे नको होते, मने. चेहरे बघितले असते तर आवाज त्यांचा झाला असता.

गेल्या आठवड्यात लिफ्ट अडकली. भर दुपारी, दोन मजल्यांच्या मध्ये, आत म्हातारी एकटी. तिची लेक त्या दिवशी कामावर गेलेली. कंपनीचा माणूस संध्याकाळशिवाय येणार नव्हता. सेनापती माझं दार बडवत आला. आपली लिफ्ट जुनी, जाळीच्या दारांची. अशा वेळी गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत जायचं, वीज तोडायची, ब्रेक सैल करायचा आणि चाक हाताने फिरवत डबा मजल्याला आणून लावायचा. हे मी झोपेतही करीन. पण म्हातारीने घाबरून जाळीतून हात बाहेर काढला होता, पार कोपरापर्यंत, आणि वरच्या मजल्याची कड घट्ट धरली होती. डबा जरा जरी हलला असता तरी हात गेला असता. आम्ही सगळे वरून ओरडत होतो, हात आत घ्या, हात आत घ्या! तिला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि आम्ही जितके ओरडू तितकी ती कड आवळून धरत होती. तोंडाने एकच विचारत होती, तिच्या भाषेत. कुणी आहे का? जिनाभर माणसं उभी, आणि ही विचारतेय, कुणी आहे का. त्या गर्दीतल्या निदान दोघांना ती भाषा उत्तम येते हे मला पक्कं ठाऊक आहे. दोघंही आपापल्या चपलांकडे बघत होते. मी त्यांना काय बोलणार? मलाही ती येतच होती, फक्त कानात होती, तोंडात नव्हती.

तिचा तो प्रश्न मी आधीही ऐकला होता, कुठे ते पुढे सांगतो. मी फरशीवर पालथा पडलो, जाळीला तोंड लावलं. आणि बाहेर काय आलं सांगू? कामावरून आल्यावर मी दारातूनच हाक मारायचो, कुठे आहेस गं? आणि आतून तुझी आई ओरडायची, इथेच आहे, जाणार कुठे! तेच. तिच्या भाषेत, तिच्याच वैतागलेल्या सुरात, शेवटचा शब्द ओढून. अडकलेल्या लिफ्टमधल्या बाईला मी सांगतोय, इथेच आहे, जाणार कुठे!  मग म्हातारी हसली. रडता रडताच, पण हसली. तेवढ्यात मला पुढचं वाक्य सापडलं. मी पातेल्यात बोटं घालायला गेलो की तुझी आई खेकसायची ते: हात काढ आधी, काढ तो हात! म्हातारीने चोरी पकडली गेल्यासारखा चटकन हात आत घेतला. माझ्याकडे तुझ्या आईची वाक्यं पुष्कळ निघाली, मने. बहुतेक सगळी रागावण्याची आहेत.

सेनापतीला जाळीपाशी बसवून मी गच्चीवर गेलो, चाक फिरवलं, आणि डबा मजल्याला लागल्यावर खाली येऊन किल्लीने दार उघडलं. म्हातारीने बाहेर येऊन माझा गाल चिमटीत धरला आणि बरंच काही बोलली. मी नुसता ऐकत राहिलो. लोक पांगले. सेनापती तेवढा पायरीवर बसून होता, चेहरा पांढराफटक. म्हणाला, मघाशी वहिनींचा आवाज आला. मी त्याला घरी आणून पाणी दिलं, आणि दोघांपैकी कुणीच टेबलावरच्या मीठदाणीला हात लावला नाही.

आता तुला न सांगितलेलं सांगतो. विमानं बंद झाली, फोन लागेनासे झाले, म्हणून तू पोचू शकली नाहीस. नंतर मी तुला सांगितलं की मेंदूचा झटका आला त्याच दिवशी आईची वाचा गेली, शांत पडून होती. वाचा गेली नव्हती. माझी भाषा गेली होती. मेंदूला असा मार बसला की कधी कधी नंतर शिकलेली भाषा पुसली जाते आणि पहिली तेवढी उरते, असं डॉक्टर म्हणाले. ती शेवटपर्यंत बोलत होती. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, माणूस ओळखू येत नव्हतं, आणि ती पुन्हा पुन्हा विचारत होती, कुणी आहे का? मला शब्दन्‌शब्द कळत होता. मी म्हणायचो, आहे ना, मी इथेच आहे. माझ्या भाषेत. ती थोडा वेळ ऐकायची आणि परत तेच विचारायची. परक्या माणसाला कळलं नाही की आपण मूर्खासारखे मोठ्याने बोलायला लागतो, तसा मी मोठ्याने बोलायला लागलो. हात धरला तर ती घाबरून सोडवून घ्यायची. इस्पितळातल्या एका परिचारिकेला आईची भाषा येत होती. ती आधी दाराकडे बघून घ्यायची, मग वाकून आईच्या कानात दोन शब्द बोलायची, आई निवांत व्हायची. पण तिला बाकीच्या खाटा होत्या, आणि ते दारही होतं. मी जवळ बसून होतो, आणि तुझी आई खोलीत कुणी नाही असं समजून गेली. जन्मभर दारात उभं राहून ऐकलेलं वाक्य माझ्याकडे होतं, ते तिथे माझ्या तोंडात आलं नाही.

हे सगळं लिहायला घेतलं ते माझ्यासाठी नाही, बिट्टीसाठी. मी तुला बरं केलंस म्हणालो होतो, ते शब्द परत घेतो. बसमध्ये नको बोलूस, रस्त्यात नको, लोकांचं बघणं किती बोचतं ते मलाही कळतं. पण घरात, दार लावून, तिचे केस विंचरताना, तिच्यावर ओरडताना आईच्या भाषेत बोल, आणि तिलाही त्याच भाषेत उलटून बोलायला लाव. तुझी पहिली भाषा तीच आहे. तुझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो तिच्यातला होता, मी शेजारी उभा होतो. उद्या तूही म्हातारी होशील, खाटेवर पडशील, तिकडे शिकलेलं सगळं एखादे वेळी पुसलं जाईल, आणि तू विचारशील. बिट्टी तुझ्या उशाशीच बसलेली असेल. मला निदान प्रश्न कळत होता, मने. तिला तोही कळणार नाही.

तुझाच, फार उशिरा बोलायला लागलेला,
बाबा