ट्रायलला दुसरा माणूस

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
८ डिसेंबर २०१५

प्रिय गुरू,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडता चुलीत घातलं असतंस, म्हणून पत्ता पोरीकडून, कोमलकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर हव्या तेवढ्या शिव्या दे, पण शेवटपर्यंत वाच. चिरनेर इथून लांब ते किती? एसटीने तास, फार तर सव्वा तास. अकरा वर्षांत तेवढा वेळ मला सापडला नाही, याला काय म्हणायचं ते तूच म्हण. तुझा फोन नंबरही आहे माझ्याकडे, गोदूवहिनींनी रमाला दिलेला. यंदा दिवाळीत दोनदा लावला. तू पलीकडून "कोन बोलतंय?" म्हणालास आणि माझी वाचाच बसली. आपल्या गॅरेजात दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा चालायचा, तू महिन्यातून चार वाक्यं बोलायचास. आणि बघ, तुझे दोन शब्द ऐकून मीच फोन ठेवून दिला. लिहिताना निदान समोरून आवाज येत नाही.

रमा जाऊन दोन वर्षं झाली. तू स्मशानात आला होतास. फाटकाजवळ उभा होतास, आत आला नाहीस. मी तुला पाहिलं होतं, गुरू. पाहिलं आणि मान फिरवली. लोकांना वाटलं, बायकोच्या दुःखात माणसाला काही सुचत नाही. सुचत होतं सगळं. घरात तुझं नाव काढायची मी कुणाला सोय ठेवली नव्हती, पण रमा कुणाची ऐकणारी! दर उन्हाळ्यात कैरीचं लोणचं घालताना म्हणायचीच, एक बरणी गुरूभावजींची असायची म्हणून. मी पेपर आणखी वर धरायचो. आता लोणचं विकतचं. कोमल लग्न होऊन कामोठ्याला गेली. जावई प्रितम जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. गॅरेजची जागा मी पाच वर्षांपूर्वी विकली, तिथे मोबाइलचं दुकान झालंय. सकाळी एक फेरी मारून येतो, कुकर लावतो, तेच रात्रीही खातो. खरं सांगू? दिवस संपता संपत नाही रे. शेजारी चांगले आहेत, पण ते "बरं आहे ना काका?" एवढंच विचारतात, आणि त्याचं उत्तर "हो" इतकंच असतं.

गाडी मात्र ठेवलीय. तीच पांढरी एट हंड्रेड, जिची पहिली सर्व्हिस आपण दोघांनी नारळ फोडून केली होती. तिचे सगळे पार्ट आता दुकानात सहज मिळत नाहीत. मार्केटमध्ये गेलो तर काउंटरवरचा माणूस माझ्याकडे असं बघतो, जणू मी बैलगाडीचं जू मागितलं. मग कोमलने मला तिचा जुना फोन दिला आणि त्यावर पार्ट कसे मागवायचे ते शिकवलं. अरे, काय सांगू तुला! अख्खं मार्केट तळहातावर. जेन्युइन पार्ट, कंपनीचा माल, पार्ट नंबरसकट फोटो, आणि वर तीस टक्के, चाळीस टक्के सूट. मी आधी वायपर मागवले. अस्सल आले. मग आरसा, मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण, मग दाराची रबरं. सगळं अस्सल. गाडीला गरज होती म्हणशील, तर अर्ध्या गोष्टींची नव्हती. पण पार्सल यायचं म्हटलं की दोन दिवस वाट बघायला काहीतरी असायचं. कुरिअरवाला खालून "कमळाकरकाका, पार्सल!" म्हणून हाक मारायचा आणि अख्ख्या बिल्डिंगला कळायचं की माझ्याकडे कुणीतरी आलंय. मी सगळं एकदम मागवत नसे. एका वेळी एकच. हस खुशाल.

तुला आठवतो आपला ब्रेकचा नियम? आठवत असणारच, तुझाच तो. ज्याने ब्रेक बसवला त्याने ट्रायलला स्टेअरिंगवर बसायचं नाही. गाडी दुसऱ्याने चालवायची आणि बसवणाऱ्याने बाजूच्या सीटवर बसायचं. पळस्पे फाट्यापर्यंत जायचं, उतारावर करकचून ब्रेक मारायचा आणि मगच चावी गिऱ्हाइकाला द्यायची. सुरुवातीला मी तुला हसलो होतो. म्हटलं, चालवणारा आपला पाय सांभाळून दाबतो म्हणून का? तू म्हणालास, "आपल्या कामावर आपला जीव असतो, म्हून पाय खोटं बोलतो." वीस वर्षांत तू बोललेल्या वाक्यांपैकी सगळ्यात लांब ते हेच असेल. वीस वर्षं आपण तसेच गेलो, एकदा तू चालवणारा, एकदा मी. तुझ्या ब्रेकवर मी डोळे झाकून पाय दाबला आणि माझ्या ब्रेकवर तू.

तर या ऑगस्टमध्ये मी त्याच साइटवरून पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड मागवले. बेचाळीस टक्के सूट. खोका आला. होलोग्राम बघितला, उन्हात तिरपा धरून. छपाई बघितली, पार्ट नंबर जुन्या पॅडशी ताडून पाहिला. पॅड नाकाला लावला, नखाने खरवडला, फरशीवर आपटून आवाज ऐकला. आपण ज्या ज्या परीक्षा घ्यायचो त्या सगळ्या घेतल्या आणि सगळ्यांत पॅड पहिल्या नंबराने पास. एवढा खूश झालो की साइटवर पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, 'वीस वर्षं गॅरेज चालवलेला मेकॅनिक सांगतो, माल अस्सल आहे, बिनधास्त घ्या.' ते वाचून सतरा लोकांनी आवडल्याचा अंगठा दिला. मला सतरा माणसं भेटल्यासारखं वाटलं. पॅड मी स्वतः पार्किंगमध्ये बसून बसवले, आणि ट्रायलही स्वतःच घेतली. बाजूची सीट रिकामी. दुसरं कोण होतं?

कोमल आई व्हायची आहे. तिला घेऊन पनवेलला डॉक्टरीणबाईंकडे जाणं-येणं माझ्याकडेच असतं, प्रितम समुद्रात म्हणून. ऑक्टोबरमध्ये तपासणी करून तिला कामोठ्याला सोडायला निघालो होतो. कळंबोलीच्या पुलाच्या उतारावर पुढे ट्रक थांबला. मी ब्रेक मारला. खालून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला आणि गाडी निघालीच पुढे. गिअर पाडला, हँडब्रेक ओढला, देवाचं नाव घेतलं की शिवी घातली ते आता आठवत नाही. गाडी थांबली तेव्हा ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं माझ्या काचेला लागायची बाकी होती. कोमलने दोन्ही हात पोटावर धरले होते. मला दार उघडायलाही जमेना.

गाडी टोचन करून कंपनीच्या वर्कशॉपला नेली. तिथल्या सुपरवायझरने चाक उघडलं, पॅड बाहेर काढला. घासणारं लायनिंग मागच्या पत्र्यापासून अख्खंच्या अख्खं सुटून आलं होतं. एका नजरेत म्हणाला, काका, डुप्लिकेट आहे. खोका दाखवा, होलोग्रामसुद्धा डुप्लिकेट असणार. आणि मग, मी कोण ते कळल्यावर, अगदी साधेपणाने विचारलं, तुम्ही एवढी वर्षं लाइनमध्ये होता ना, तुम्हाला कळलं नाही? मी गप्प. गुरू, मी गप्प! कोमलला वाटलं, बाबांना चक्कर येतेय. तिने माझ्या हाताला धरून बाकावर बसवलं आणि म्हणाली, "बाबा, फसलात हो तुम्ही. होतं असं. चला, मला भूक लागलीय." बस्स, एवढंच. जिला पोटातल्या जिवासकट मी ट्रकखाली घालणार होतो, तिने वडापाव खाता खाता मला माफ करून टाकलं. माझा वडापाव कागदातच राहिला.

आता तुला कळलं असेल मी कुठे येतोय ते. कुमुदबाई. प्राथमिक शाळेतल्या, निळी गाडी. २००४चा मे महिना. तेही पॅडच होते आणि ते तू घेतले होतेस, खोके घेऊन गॅरेजमध्ये आलेल्या त्या गोड बोलणाऱ्या एजंटकडून. डायरेक्ट कंपनीचा माल म्हणून स्वस्त, असं तो म्हणाला होता. चार दिवसांनी बाईंची गाडी मोरीच्या कठड्यावर गेली आणि त्यांचा हात मोडला. तू पॅड हातात घेऊन उभा होतास. म्हणालास, "कमळ्या, मी फसलो रं. मना नाय समजलं." आणि मी काय म्हणालो ते गॅरेजसमोर जमलेल्या सगळ्या आळीने ऐकलं. ज्याचा हात वीस वर्षं पार्टवर फिरलाय तो फसत नाही, तो फसवतो. वरचे पैसे कुठे गेले तेही विचारलं मी, चहावाल्यासमोर. तू हात पुसलेस, फडका खुंटीला अडकवलास आणि गेलास. एक शब्द नाही. तुझं ते गप्प राहणंच मी पुरावा म्हणून सगळीकडे सांगत फिरलो. तुला पनवेलमध्ये कुणी काम दिलं नाही, ते त्यामुळेच. कुमुदबाई मात्र हात गळ्यात बांधून माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, गुरुदत्त असं करणार नाहीत. मी त्यांनाही दोन शब्द सुनावून परत पाठवलं.

आणि एक गोष्ट मी रमालासुद्धा कधी सांगितली नाही. त्या दिवशी पॅड तू बसवलेस, म्हणजे ट्रायल माझी होती. तू दोनदा हाक मारलीस. मला जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या सिडकोच्या प्लॉटच्या मीटिंगला जायची घाई झाली होती, आमच्या घरात काका-पुतण्यांत त्या जागेवरून जुंपली होती. मी स्कूटरला किक मारता मारता ओरडलो, दे रे चावी, तुझं काम आहे म्हणजे बघायला नको. गाडी ट्रायलशिवाय गेली ती माझ्यामुळे. ट्रायलमध्ये कळलं असतं की नसतं, देव जाणे. माझ्या ट्रायलमध्ये तरी कुठे कळलं? पण पाय माझा पडायला हवा होता आणि तो पडला नाही. बाईंचा हात मोडल्याचं कळलं तेव्हा पहिल्यांदा मला हेच आठवलं, आणि कुणी विचारायच्या आत मी तुझ्यावर ओरडायला लागलो. तुला सगळं ठाऊक होतं. भर चौकात "ट्रायल याची होती" एवढं म्हणाला असतास तर माझं तोंड बंद झालं असतं. तू नाही म्हणालास. अकरा वर्षं मी याचाच राग धरला की काय, कोण जाणे. साइटवरचं माझं ते पाच ताऱ्यांचं कौतुक पुसायला मी महिनाभर खटपट केली, शेवटी कोमलने ते पुसलं. पण आळीत बोललेलं कसं पुसायचं ते तिलाही येत नाही.

आता पत्राचं कारण लिहितो. परवा मी कंपनीच्या काउंटरवरून नवीन पॅड आणले, सूट नाही, काही नाही. काल बसवले. कोमलची तारीख पुढच्या महिन्यात आहे. ती म्हणते, बाबा, रिक्षाने जाऊ. जाऊही. पण मला तिला माझ्या गाडीतून न्यायचंय, आणि चावी हातात घेतो ती परत खुंटीला लावतो. काल संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसलो तर आपोआप डाव्या सीटवर बसलो आणि तिथेच अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. गुरू, मी फसलो रे. मला नाही समजलं. तूही असाच फसला होतास आणि मी तुला चोर ठरवलं. माफ कर म्हणायचं तोंड मला नाही, तू करशील असंही धरून चाललो नाही. पण ब्रेक मी बसवलेत आणि नियम तुझा आहे. एक दिवस ये. पळस्पे फाट्यापर्यंत जाऊन येऊ. तू चालव, मी बाजूला बसतो. बोलू नकोस हवं तर.

तुझाच,
कमळ्या