उडीच्या आधीची फीत

मी, यज्ञेश्वर त्र्यंबक पाराशरे, वय वर्षे अठ्ठावन्न, आधीचा धंदा ओझरच्या विमान कारखान्यात नकाशे काढण्याचा, नंतरचा धंदा एकच एक चित्रपट काढण्याचा, राहणार पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पोटातल्या गाठीबद्दल त्यांचे मत एवढे चांगले नाही. त्यांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. असता तर हे मी अकरा वर्षांपूर्वीच लिहिले असते.

कलम १. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. मेल्या म्हशीला मणभर दूध सांगणारी माणसे या गावात पुष्कळ आहेत, त्यांना चहा पाजण्याची माझ्या इस्टेटीत सोय नाही. माझ्या अस्थी गोदावरीत सोडू नयेत. देशभरातून लोक त्यासाठी नाशकात येतात आणि आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे विधी केले, हे मला ठाऊक आहे. तरीही सोडू नयेत.

कलम २. माझी पत्नी मालिनी १९७९ साली माहेरी, पुण्यास निघून गेली. तिचे शिवणयंत्र आणि तांब्याचा बंब तिला पोहोचवावा. जाण्यापूर्वी तिने मला एकच प्रश्न विचारला होता, "त्या दिवशी नक्की काय झालं?" मी तिला पोलिसांना दिलेलेच उत्तर दिले. तिने महिन्याभरात ट्रंक भरली. सामानासोबत तिला या कागदाच्या कलम ६ची नक्कल द्यावी.

कलम ३. ‘कमरेइतकं पाणी’ हा माझा चित्रपट. नोकरी सोडून मिळालेला सगळा फंड घालून मी तो काढला. यात्रेकरू नदीत नाणी टाकतात आणि घाटावरची पोरे बुडी मारून ती वर काढतात. अशा एका बारा वर्षांच्या पोराची ही गोष्ट आहे. पुलाच्या कठड्यावरून उडी मारली की घाटावरची पोरे त्याला मोठा झाला म्हणतात, आणि त्या उडीवर चित्रपट संपतो. काम करणारा पोरगा खरोखरच घाटावरचा होता. त्याचे नाव पुंजाराम कारभारी जाधव, पुंजा. बाप लहानपणीच वारलेला, आई यशोदाबाई पंचवटीच्या बाजारात पालेभाजी विकते. पुंजा त्या शेवटच्या उडीत गेला. पाण्याखालच्या खडकावर डोके आपटून गेला. मी ती उडी चित्रपटात ठेवली. फिल्म सोसायटीच्या खेळाला लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, आणि मी वाकून नमस्कार केला.

मूळ निगेटिव्ह आणि तिन्ही प्रती जाळून टाकाव्यात.

कलम ४. पुतण्या नाना. माझ्यानंतर सर्व काही आपलेच, या समजुतीत तो आहे. गेल्या वर्षी मी मुंबईला इस्पितळात असताना त्याने माझी सही असलेला कोरा कागद वापरून चित्रपट एका कॅसेट कंपनीला देऊन टाकला. खोक्यावर लाल अक्षरात छापून आले, ‘शेवटची उडी खरी! मुलगा परत आला नाही!’ ही बातमी कंपनीला आकाशातून मिळालेली नाही. मग गल्लोगल्लीच्या व्हिडिओ लायब्रऱ्यांत ती कॅसेट भाड्याने फिरू लागली. ज्या चित्रपटाला थिएटरात चाळीस माणसे आली नाहीत, तो लोक घरी व्हीसीआर आणून पोहे खातखात बघू लागले, आणि उडी आली की मागे नेऊन पुन्हा बघू लागले. थिएटरात तो एकदा तरी मरून मोकळा व्हायचा. मी नानाला जाब विचारला, तर चोराच्या उलट्या बोंबा, "काका, ती उडी चित्रपटात ठेवली कुणी? मी?" त्याचे तेवढे एकच वाक्य खरे आहे, म्हणून ते मला अजून सलते. नानास काहीही मिळू नये. कॅसेटचे रिकामे खोके हवे असल्यास न्यावे.

कलम ५. पंचवटीतील माझे दोन खोल्यांचे घर, टीव्ही आणि व्हीसीआर यशोदाबाई कारभारी जाधव यांना द्यावे.

याचे कारण असे. कॅसेट बाजारात आली तेव्हा शेजारच्या कांदेवालीने त्यांना सांगितले, तुझा पुंजा टीव्हीत दिसतो. दहा वर्षांत त्यांनी माझ्या दारात पाऊल ठेवले नव्हते. त्या दिवशी टोपलीसकट आल्या आणि म्हणाल्या, "माझा पुंजा दावा." तेव्हापासून दर बुधवारी बाजार आटोपला की येतात, मेथीची जुडी ओट्यावर ठेवतात, जमिनीवर बसून बघतात. पुंजा बोलतो तेव्हा हसतात. पुलाचा कठडा दिसला की भिंतीकडे तोंड करतात आणि म्हणतात, "बंद करा." मग उठताना दर वेळी एकच, "माझ्या गळ्याची शपथ घातली व्हती त्याला, पुलावरून उडी मारायची नाय म्हनून. आई मेली तरी चालंल, पन उडी पायजे. असं पोर निपजलं माझं."

हे मी वर्षभर दर बुधवारी ऐकतो आणि मेथी निवडत बसतो.

कलम ६. गुरुवार, दिनांक २० मे १९७६ रोजी काय घडले ते मी येथे खरे लिहितो. हाच माझा जबाब समजावा व त्याची नक्कल पोलीस ठाण्यात द्यावी. मुलाने आपण होऊन, कोणी न सांगता उडी मारली, असे मी तेव्हा पोलिसांना सांगितले ते खोटे आहे.

पुलाखालचे पाणी मी सोमवारी बांबू टाकून मोजले होते. चौदा फूट भरले. मधल्या तीन दिवसांत धरणातून पाणी सोडणे थांबले आणि नदी उतरली. गुरुवारी मी पुन्हा मोजले नाही. विमानाचा साधा नकाशा दोनदा तपासणारा मी, ऊन उतरत होते म्हणून घाई केली.

पुंजा कठड्यावर चढेना. रडत नव्हता, हट्टही करीत नव्हता, नुसता उभा होता. आपल्याकडे ज्याने शपथ घातली त्यानेच ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते. म्हणून मी त्याला सांगितले की सकाळी मी तुझ्या आईला बाजारात भेटलो. मी बाजारात गेलोच नव्हतो.

हे सर्व फितीवर आहे. फिल्म महाग, फीत स्वस्त, म्हणून आमचा ध्वनिमुद्रक फकिरा चिमाजी गांगुर्डे कॅमेऱ्याच्या बराच आधी टेपरेकॉर्डर सुरू करीत असे. चित्रपटात आणि कॅसेटमध्ये नाही ते त्या फितीवर ऐकू येते:

"काका, आईनं गळ्याची शपथ घातलीया."

"अरे, सकाळीच तिला भेटून आलो. सुटली म्हणाली."

"आई खरंच म्हनली?"

"खरंच. म्हणाली, घेऊ दे एक उडी."

मग तो हसतो. मग कॅमेरा सुरू होताना आपटतात ती क्लॅपची पाटी वाजल्याचा आवाज.

पुंजाने आईची शपथ मोडली नाही. माझ्या शब्दावर त्याने ती सुटली असे मानले. हे जिवंतपणी यशोदाबाईंना सांगण्याची माझी छाती झाली नाही. त्यांना वाचता येत नाही, तरी माझ्या मृत्यूनंतर फकिराने हे कलम त्यांना वाचून दाखवावे आणि फीत त्यांच्या हवाली करावी.

दुरुस्ती. वरील मजकूर पुरा करून आज बुधवारी मी फकिरास साक्षीदार म्हणून सहीला बोलावले. वकीलसाहेब हजर होते. फकिराने सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले. म्हणाला, "साहेब, अकरा वर्षं फीत ट्रंकेत ठेवली, तोंड शिवून बसलो, तेवढं पाप पुरे. तुमी मेल्यावर वाचून दाखवायचं काम माझ्याच्यानं व्हायचं नाय. यशोदाबाई आत्ता येईल. तुमी जिते हायेत तवर सांगा."

मी नको म्हणालो. तो घरी जाऊन फीत आणि टेपरेकॉर्डर घेऊन आला. तेवढ्यात यशोदाबाई आल्या.

मी मेथीची जुडी निवडायला घेतली. फकिराने फीत लावली. यशोदाबाईंनी ती उभ्यानेच ऐकली. फीत संपली. मी पाया पडायला वाकलो, तर दोन पावले मागे सरल्या. मग म्हणाल्या, "पोर मला इचारत व्हतं. उत्तर तुमी दिलं."

त्यांनी विचारले, कागदात काय लिहिले आहे. वकीलसाहेबांनी पहिल्यापासून वाचून दाखवले. घराचे कलम आले तसे त्या म्हणाल्या, "घर नको. टीवी नको. काडा ते." सबब कलम ५ प्रमाणे त्यांना काहीही देय नाही. घर आणि वस्तू मालिनीस जाव्यात; घ्यायचे की नाही ते तिने ठरवावे. फीत यशोदाबाईंनी आजच पदरात बांधून घेतली.

फकिराने सही केली. दुसरे साक्षीदार म्हणून वकीलसाहेब शेजारच्यांना हाक मारू लागले, तेव्हा यशोदाबाईंनी विचारले, साक्षीदार कोण असतो. वकीलसाहेब म्हणाले, "ज्याला या कागदातून काही मिळायचं नाही, असा कुणीही."

"माझ्या पोरानं शपथ मोडली नाय, असं त्यात लिवलंय ना?"

"लिहिलंय."

"मंग अंगठा माझा घ्या."

ठिकाण: पंचवटी, नाशिक
दिनांक: २६ ऑगस्ट १९८७

लिहून ठेवणार: यज्ञेश्वर त्र्यंबक पाराशरे (सही)

साक्षीदार:
१. फकिरा चिमाजी गांगुर्डे (सही)
२. यशोदाबाई कारभारी जाधव, पुंजारामची आई, हिच्या डाव्या हाताचा अंगठा