पाकिटावरची करवंदं

प्रिय बहिरूदादा,

फोन मुद्दाम केला नाही. तू तो स्पीकरवर टाकतोस, आणि आमच्या कंपनीचे दीपकसाहेब हल्ली आपल्याच ओट्यावर बसलेले असतात. आई म्हणते, 'लय मायाळू हाय गं.' एवढा गोड माणूस मला तरी पचत नाही. आईच्या हातची नागलीची भाकर मागून खातो, आणि आपला उतार कॉफीसाठी बारा वर्षं द्यायच्या कराराचा कागद मात्र एक रात्रसुद्धा घरी ठेवू देत नाही. का रे?

परवा इथे नाशिकला आमच्या कॅफेत नवी पाकिटं आली. 'पेठच्या डोंगरातली कॉफी'. वर आईचा फोटो! ओंजळीत लाल फळं. आधी मला रडूच आलं. मग नीट पाहिलं, तर ती अर्धवट पिकलेली करवंदं. नमुना म्हणून लावलेली आपली कॉफीची झाडं अजून गुडघ्याएवढी आहेत, फळ धरायला दोन वर्षं तरी जातील. मग पाकिटात दाणे कोणाच्या डोंगरातले? आणि ते तोडणाऱ्या बायका कुठे गेल्या?

तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. इंग्रजांनी दक्षिणेत डोंगर साफ करून कॉफीचे मळे लावले, लांबलांबची गरीब माणसं राबायला नेली. साहेब गेले, पण दर अजूनही समुद्रापलीकडच्या बाजारात ठरतो. आमच्याकडे एक कप अडीचशेला जातो. तोडणारीला त्यातलं काय मिळतं, असं मॅनेजरला विचारलं, तर नुसता हसला.

त्या उतारावर आग लावायची नाही, हे करारातलं कलम तूच दिवाळीत कौतुकाने सांगितलंस. अरे, पालापाचोळा जाळून राब भाजला नाही तर नागलीची रोपं कुठून येतील? मग खायचं काय, कॉफी? दीपकसाहेबांना हे कळत नसेल, असं तू म्हणशील. मला वाटतं, पुरतं कळतं.

आता खरं सांगते. त्यांना आपल्या घराची वाट मीच दाखवली. डोंगरात ओळखीचं कोणी आहे का, असं मॅनेजरने विचारलं आणि मी फुशारकीने तुझं नाव दिलं. पुढच्याच महिन्यात मला कायम केलं. तेव्हा मला शंका आली नाही, की मी ती येऊ दिली नाही, कोण जाणे. लाज वाटते दादा. सोमवारी तू सही केली नाहीस तर माझी नोकरी बहुतेक जाईल. तरी सही करू नकोस.

तुझीच,
ज्योत्स्ना