पुढच्या फळीवर वन्सं

७ जानेवारी

बोटीवर चढताना नावाड्यानं हात पुढे केला, तो वन्संनी धरला नाही. "मी काय पेशंट आहे का?" सगळा जन्म परिचारिका म्हणून काढला, दुसऱ्याचा हात धरवत नाही. मग माझाच खांदा असा काही पकडला की दोघीही पाण्यात – थोडक्यात वाचलो!

खोली लहान. दोन खाटा, मध्ये एक पाऊल जागा. खिडकीतून हात काढला की पाणी.

ठरलंय ते असं – आठवडाभर इथे एका खोलीत राहायचं. जमलं तर वन्सं आपलं घर सोडून कायमच्या माझ्याकडे येणार. नाही जमलं तर आपापल्या घरी, रुसवा नाही. कल्पना त्यांचीच. "घरात एकमेकींना चुकवता येतं. बोटीवर कुठे पळशील?" हो की नाही ते मी सांगायचं, उतरायच्या आधी.

हे गेल्यापासून मी कुणाबरोबर एका खोलीत झोपलेली नाही.

८ जानेवारी

वन्सं घोरतात. पाण्यावर आवाज लांब जातो. सकाळी पलीकडच्या बोटीवरची माणसं आमच्याकडे बघत होती – त्यातही माझ्याकडे!

९ जानेवारी

आज हसून हसून पोट दुखलं. किती दिवसांनी!

मोठी बोट अरुंद पाटांत शिरत नाही. तिच्या मागे एक छोटी होडी बांधलेली असते, आत जायचं तर त्या होडीनं. वन्संनी हट्ट धरला, आपण दोघीच जाऊ, नावाडी नको. दोघींना दोन वल्ही. आणि आम्ही बसलो कशा? समोरासमोर! घरी भाजी निवडायला बसतो तशा. बोलायला बरं म्हणून.

दोघींनी जोर लावला. होडी हलेना. जागच्या जागी डुलायला लागली.

"तू मारतच नाहीस वल्हं."

"मी मारतेय. तुमचंच वरवर चाललंय."

"वरवर? घाम बघ माझा!"

नावाडी कठड्यावर ओणवा होऊन हसत होता. "मावशी, तुम्ही दोघी एकमेकींना ढकलताय! एकीनं तोंड फिरवा."

"कुणी?" वन्सं.

"जिला कमी बोलायचंय तिनं."

कुणीच फिरलं नाही. मग त्यानंच होडी ओढून धरली आणि वन्संना पुढच्या फळीवर बसवलं, मला मागे. होडीची दिशा मागच्याच्या हातात असते म्हणे. हे ऐकल्यावर वन्सं जागा बदलून मागत होत्या, पण तोवर आम्ही निघालो होतो.

१० जानेवारी

सकाळी परत गेलो. दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली, मधून जेमतेम होडीपुरता पाट. इथल्या घरांची मागची दारं पाण्यात उघडतात. एक बाई पायरीवर बसून दात घासत होती, एका पायरीवर बदकं रांगेनं. पुढची दारं रस्त्याकडे असतील, रंगवलेली, नीट. आम्ही बघतो ती मागची बाजू. मला तीच आवडते. चाळीस वर्षं ह्यांनी आणि मी पुस्तकं बांधली, पुस्तकातही मी आधी शिवण बघते.

पण लिहायचं ते दुसरंच आहे.

वन्सं अंबाडा घालतात. मागे बसल्यावर त्यांची मान समोर येते, आणि कान. मी वल्हं मारायचंच विसरले. ते कान ह्यांचे आहेत! वरून किंचित दुमडलेले, पानाचा कोपरा दुमडावा तसे. मानेवरची ती आडवी रेघसुद्धा. ह्यांची मान मी जन्मभर बघितली – हे दाबयंत्रावर वाकलेले, मी मागे फर्मे, छापून घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवत बसलेली.

होडी जाऊन जलपर्णीत घुसली.

"झोपलीस का गं?"

"गुडघा दुखतोय का हो?" माझ्या तोंडून गेलं. गुडघे ह्यांचे दुखायचे. वन्संचे गुडघे अजून ठणठणीत आहेत.

त्या वळल्या नाहीत. "नाही," म्हणाल्या, आणि वल्ह्यानं ती पानं बाजूला सारत राहिल्या.

११ जानेवारी

खिडकीवरून भांडण. त्यांना उघडी हवी, मला बंद. डास मध्यस्थी करायला आले. बंद.

संध्याकाळी डेकवर वाचलं. एक जुनं प्रवासाचं पुस्तक आणलंय, बांधायला टाकून मालक न्यायला आलाच नाही. माझी शाळा तिसरीत सुटली. पुढचं सगळं शिवता शिवता वाचलं, फर्मा उलटा आला तर उलटा. कधी कधी शेवट आधी हाती यायचा. रोज संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायची आणि हे खळ लावत ऐकायचे. मी एखाद्या जोडाक्षरावर अडले की ते सांगायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "पुढे."

आज मी अडले. वन्सं पाण्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पुढे."

अगदी तसंच! मला पुढची ओळ दिसेना. चष्मा पुसला.

१२ जानेवारी

झालं, ठरलं. हो म्हणायचं!

रागावल्या की ओठ मुडपतात ते ह्यांचं. केळं सोलून अर्धं पुढे करतात ते ह्यांचं. हे सगळं घरात परत येणार. खिडकी रोज उघडी ठेवीन – डासांनी मला खाल्लं तरी चालेल.

दिवसभर होडीत मी मनानं घर लावत होते. खिडकीकडची बाजू त्यांना द्यायची, हे तिथेच झोपायचे. ह्यांचा कप फडताळात तसाच आहे, तो काढायचा. दुकानातली ह्यांची खुर्ची आत आणायची, वेत नीट आहे, नुसती पुसायची. संध्याकाळी त्या तिथे बसतील आणि मी वाचीन.

आज होडी सरळ चालली. एकदाही कुठे आपटली नाही. वन्सं म्हणाल्या, "शिकलीस की!" मला वाटलं, उद्या कशाला, आत्ताच सांगावं. पण म्हटलं, होडीत नको. चेहरा बघून सांगायचं.

१३ जानेवारी

चहाच्या वेळी सांगितलं. वन्संचे डोळे भरून आले. माझा हात धरला – त्यांनी, आपणहून! जरा वेळानं विचारलं, "माझी खुर्ची कुठे ठेवशील गं?"

"खुर्ची आहे की घरात," मी म्हटलं.

"ती त्याची. मी माझी विचारतेय."

मी मनातल्या मनात सगळं घर फिरून आले. कुठेच जागा दिसेना.

"मग एवढ्यात नको," वन्सं म्हणाल्या. राग नव्हता. हात सोडला नव्हता. "मी त्याची बहीण आहे. तो नाही. मागे बसून कितीही वेळ बघितलंस तरी."

त्यांच्या घरी मी किती वेळा गेलेय. त्यांची खुर्ची डोळ्यांपुढे आणायला बघितली, येईना. शेवटी विचारलं, कशी आहे?

"झुलती," म्हणाल्या. आणि मग सांगत राहिल्या – कुठून आणली, कुठे ठेवतात, तिच्यात बसून काय काय दिसतं. मी समोर बसून ऐकलं.