काविळीची रजा

बाई, त्या मुलीला कावीळ झाली आहे असं तुम्ही सगळ्या बावडा गावाला सांगितलंत, तेव्हा मी तुमच्याशी कितीतरी दिवस नीट बोलले नव्हते. का, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि मग तुम्ही गेलात. आज सकाळपासून तेच मनात आहे, म्हणून लिहायला बसले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दहावीचा वर्ग, दिवाळीच्या आधीचे दिवस. मी इंग्रजीचा धडा वाचायला तिला उठवते. ती उठते, पण वाचत नाही. बस म्हटलं तरी बसत नाही. तास संपतो, मुली डबे घेऊन बाहेर पळतात, ती तशीच उभी. घरीही ती बोलत नव्हती, रात्र रात्र जागी असायची, असं तिची आई सांगत होती. शिक्षकांच्या खोलीत एक सर म्हणाले, "परीक्षा जवळ आली की ह्यांच्या अंगात येतंच." सगळे हसले. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि तिच्या वडिलांना निरोप धाडलात.

वडील दारातच उभे राहिले. घरात पूर्वी मेंढरं, आता ऊस. म्हणाले, "बाई, पोरीचं डोकं फिरलंय म्हणल्यावर तिला कोण करून घ्यायचं? बभ्रा व्हायच्या आत मामाच्या पोराला देऊन टाकतो. साळा बास."

"तात्या, कुणाचं डोकं फिरलंय? तिला कावीळ झालीय. बारामतीला डॉक्टरकडं न्यायला लागंल, मी नेते. लग्नाचं कावीळ उतरल्यावर बघू."

त्यांनी मागं वळून रस्त्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "व्हय. कावीळच हाय."

ते डॉक्टर कसले, हे तिचे आईवडील आणि आपण दोघी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. एसटीत तिच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी लागायचं, म्हणून मीही यायचे. आळीतल्या बायका तिच्यासाठी उसाचा रस, फुटाणे आणून द्यायच्या. तेल बंद, तिखट बंद, ऐन दिवाळीत चकली बंद. पोर आणखीच वाळली. मग परत आलो की तुम्ही तिला तुमच्या स्वयंपाकघरात बसवायला लागलात. लसणाची फोडणी दिलेलं पिठलं, वर कच्चं तेल. "खा. माझ्या घरात कावीळ नाही." कितव्या फेरीला ते आठवत नाही, पण एकदा तिनं घास गिळला आणि म्हणाली, "तिखट झालंय, बाई." तुम्ही पाठ फिरवून पातेलं घासत राहिलात. घासलेलंच होतं ते.

त्या संध्याकाळी मी विचारलंच. आजार आहे तर आजार म्हणावं, खोटं कशाला? आम्हाला कॉन्व्हेंटच्या शाळेत असं शिकवलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "तुझ्या सिस्टरना म्हणावं, इथं येऊन एक पोरगी उजवून दाखवा. मग बोलू खरं." मला फार लागलं ते.

नाताळाच्या सुमारास ती वर्गात आली. मुलींनी विचारलं, "उतरली का गं?" ती म्हणाली, "उतरली." आणि सगळ्यांनी डबे उघडले. मार्चमध्ये तिनं परीक्षा दिली, पासही झाली. पुढं काही आईबाप तुमच्याकडे येऊन हळूच आपल्या पोरींसाठीही कावीळच मागायला लागले. त्या आजाराचं खरं नाव मात्र आपल्या शाळेत कुणी कधी घेतलं नाही. तुम्हीसुद्धा. बाई, ते तुमचं चुकलं, असं मला अजून वाटतं. आणि खरं बोलून मी तिला वर्गात परत आणू शकले नसते, हेही कळतं. इतकी वर्षं ह्या दोन्हींच्या मध्ये येरझाऱ्या घालून आता दमले आहे.

निवृत्त झाल्यापासून मलाही झोप नाही. मेथीची जुडी पुढ्यात घेऊन बसते, दुपार होते तरी ती तशीच असते. बारामतीला जाऊन गोळ्या आणते, एकटीच. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि घरात कुणी वाचावं असंही नाही. सून रोज विचारते, "आई, काय होतंय?" मी म्हणते, काही नाही गं, पित्त आहे.