येतो म्हण

३ मार्च
आले बाई एकदाची! टेम्पोवाल्याने पुस्तकांची खोकी पायरीवर आपटली आणि पळाला, तरी माझा मूड काही बिघडला नाही. घर नवऱ्याच्या आत्याचं. ती गेल्यावर त्याच्याकडे आलं, आणि तो गेल्यावर माझ्याकडे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एवढी मोठी खिडकी की मुद्रितं तपासायला दिवसा दिवा लागणार नाही. मी मुद्रितशोधक. सध्या मधमाशीपालनाच्या पुस्तकातल्या चुका काढतेय. पंधरा दिवसांत सामान आवरायचं, घर विकायचं आणि नणंदेच्या गावी राहायला जायचं, असं ठरवलंय. रडायचं नाही, असंही ठरवलंय.

दाराची कडी अजून सैलच आहे. तीन महिन्यांपूर्वी आम्ही घर बघायला आलो, तेव्हा हिच्यासाठीच नवरा स्क्रू आणायला निघाला होता. दारातून "जातो" म्हणाला. मी चुका पकडून पोट भरणारी. जातो काय, येतो म्हण, असं लगेच सुनावलं. तो हसला आणि "येतो" म्हणाला. वळणावर ट्रकने उडवलं. अकरा वर्षांत माझी दुरुस्ती त्याने मुकाट्याने ऐकली ती एवढीच.

५ मार्च
रोज संध्याकाळी पावणेसहाला वळणावर ब्रेक किंचाळतात. मग आमची कडी वाजते. ओळच चुकते वाचताना. आज उठून दार उघडलं तर उंबऱ्यावर एक स्क्रू. दीड इंची. कडीला पाऊण इंची लागतो.

८ मार्च
आज चौथा. तोही दीड इंची! मेला तरी या माणसाला मापाचं काही आणता येत नाही, असं मी वैतागून मोठ्याने बोलले. मागून कुणीतरी नाकातून हसलं. ते हसू मी झोपेतही ओळखेन.

घाबरायला हवं होतं. मी चिडले. तीन महिने कुठे होतास म्हणून रिकाम्या खोलीशी कडाकडा भांडले. मग ढसाढसा रडले. तेव्हा डोक्यावर हात आला. तसाच, सगळा भांग विसकटून टाकणारा. मी दोन कप चहा केला.

११ मार्च
ताईंचा, म्हणजे नणंदेचा फोन. आवरून होत आलंय म्हणून ठोकून दिलं. आवरलंय काय, डोंबल! मधमाश्या पहिल्याच प्रकरणात अडकल्यात आणि प्रकाशक माझ्यावर उखडलाय. मी मात्र साडेपाचला केस विंचरून बसते. या वयात लाज वाटते, पण बसते. मी सुखात आहे.

राग एकाच गोष्टीचा येतो. तो बोलत नाही, चहा निवायच्या आत नाहीसा होतो. आणि हात रोज थोडा जास्त गार असतो.

१३ मार्च
समोरच्या शिंपिणीला आज विचारलं की रोज इतके करकचून ब्रेक लागतात, कुणी तक्रार कशी करत नाही? ती कात्री हातात धरून बघतच राहिली. म्हणाली, अपघातानंतर वळणावरचा रस्ता खणून ठेवलाय. तीन महिन्यांत तिथून साधी सायकल गेलेली नाही, सगळ्या गाड्या दुसऱ्या बाजूने येतात.

मग तिने आत्याचं सांगितलं. आत्या या दारात कुणालाही "येतो" म्हणू देत नसे. हा उंबरा माणसाचा शब्द धरून बसतो, जातो म्हणा आणि सुटा, असं ऐकवायची. लोक तिला चक्रम समजायचे. तो लहानपणी सुट्टीत इथेच असायचा.

म्हणजे तो बरोबर बोलला होता. शुद्ध वाक्यात चूक मी घातली.

१४ मार्च
आज कान देऊन ऐकलं. ब्रेक. धप्प. मग त्याचं कण्हणं. मग कडी.
त्याच्या तळहातात रस्त्याची खडी रुतलेली, माझ्या बोटांना लागली.
तो रोज मरून येतो. माझ्या एका शब्दापायी, रोज—

१५ मार्च
उंबऱ्याशी बसले. जातो म्हण, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. चहा टाकला. स्वार्थी बाई! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

१६ मार्च
ब्रेक. धप्प. कडी.
म्हटलं, माझी दुरुस्ती मागे घेते. तुझंच बरोबर होतं. जातो म्हण रे.
मग कपाळावर ओठ. आणि आवाज, तीन महिन्यांनी.
जातो.
उंबऱ्यावर स्क्रू. पाऊण इंची.

१७ मार्च
पावणेसहा. काही नाही. स्क्रू पिळून कडी घट्ट बसवली. रडले, पण चारचौघींसारखं.

१८ मार्च
ताई न्यायला आल्यात. रस्ता आजच खुला झाला, पण गाडी वळणापलीकडे लावलीय. बॅगा घेऊन त्या पुढे गेल्या. ही वही खिडकीत ठेवून जाते. इथलं इथेच राहू दे.

तारीख—?
शिंपिणीने हात हलवला. मी उंबऱ्यात होते. तोंडातून गेलं. सवयीने. येते म्हणाले.
वळणावर लक्षात आलं. मागे फिरले, धावत—
ब्रेक.
कडी वाजली. मी आत.

पुन्हा पावणेसहा
तो नाही. दोन्ही खोल्यांत हाका मारल्या. त्याला मीच घालवलं. दोन दिवस आधी. दोनच दिवस—
जाते म्हणून पाहिलं. दहादा. उंबरा ऐकत नाही. कुणीतरी म्हणवून घ्यायला हवं. स्वतःची चूक स्वतःला दिसली तरी सुधारता येत नाही. आमच्या धंद्यात हेच पहिल्यांदा शिकवतात.

पुन्हा
ताई आल्या. घर बंद करायला. डोळे सुजलेत. वही उचलली. उघडा ना, ताई. नाही उघडली. परत ठेवली.
लिहितेय, ताई, इकडे बघा, पानं हलतायत—
वारा समजून खिडकी लावली.
किल्ली घेतली. दाराशी गेल्या. वळल्या. रिकाम्या खोलीकडे बघून ओठ हलतायत—
नको. ताई, ते नको, जाते म्हणा, जाते म्ह