टॉवेलखालची मूठ

अण्णा,

आपली बिल्डिंग पाडणार आहेत. कोपरखैरण्यातली, जिच्या गळक्या गच्चीवरून तुम्ही शेवटपर्यंत सेक्रेटरीशी भांडत होतात, तीच. रिडेव्हलपमेंट. काही वर्षं सगळ्यांनी दुसरीकडे राहायचं आणि मग नव्या टॉवरमध्ये परत यायचं. तोवर आईने कुठे राहायचं हे ठरवायला गेल्या रविवारी आम्ही बसलो होतो, आणि तिथे जे झालं त्यावरून मला पुन्हा तुमचा राग आला. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली की राग शिळा व्हायला हवा. माझा होत नाही. तुमच्यासमोर तो कधी बाहेर काढता आला नाही, म्हणून असेल.

तुमच्या फाशांपासून सुरुवात करते, कारण सगळं तिथूनच आहे. घरात पत्ते आणायचे नाहीत हा तुमचा दंडक. पत्त्यांनी घरं बसतात म्हणायचात. आणि त्याच तोंडाने तुम्ही फासे आणलेत. फाशांनी कुणाचं काय झालं हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, पण तुमच्याशी वाद कोण घालणार? रविवारी जेवणं झाली की सतरंजी पसरायची, चौघांपुढे चार स्टीलच्या वाट्या पालथ्या, प्रत्येकाचे पाच-पाच फासे. वाटीखाली खुळखुळवायचे आणि आपले आपण डोकावून बघायचे. मधे हुकमाचा लाल फासा पडायचा. त्याच्यावर जो आकडा येईल तो त्या डावाचा राजा. एक पडला तर एकसुद्धा सहाला मारणार. मग बोली लावायची, पाचातले किती हात मी करणार. त्यानंतर एकेक फासा पुढे सरकवायचा, मोठा असेल तो हात उचलणार. बोललात तितकेच हात झाले तर गुण, एक कमी झाला किंवा एक जास्त झाला तरी भोपळा. आणि सगळ्यात शेवटी तुमचा लाडका नियम: शेवटी बोलणाऱ्याने सगळ्यांच्या बोलींची बेरीज पाचावर जुळवायची नाही. म्हणजे सगळ्यांचं खरं होईल असा डाव होताच कामा नये, कुणीतरी बुडालंच पाहिजे. ‘मार्केटात असंच असतं,’ हे तुम्ही कौतुकाने सांगायचात. शेवटी बोलायला तुम्ही आईला बसवायचात.

वाशीच्या मार्केटात तुम्ही फळांच्या गाळ्यावर हिशेब लिहिणारे मेहताजी होतात. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, हे तुम्ही आम्हाला कितीदा तरी करून दाखवलं होतं. ती विद्या घरात वापरलीत ती फक्त आईवर. तिची पाळी आली की तुम्ही तिच्या वाटीखाली डोकावायचात, खांद्यावरचा टॉवेल तिच्या हातावर टाकायचात आणि खालून बोटं दाबायचात. एक बोट दाबलं तर एक हात, दोन दाबली तर दोन. पण बहुतेक वेळा तुम्ही तिची सगळी बोटं गोळा करून मूठ मिटवायचात. मूठ म्हणजे शून्य. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची,’ असं म्हणून आमच्याकडे बघून डोळा मिचकावायचात आणि आम्ही भावंडं खिदळायचो. आई म्हणायची, “शून्य.” मग वाटीखालून तिचे सहा आणि पाच निघायचे, नको नको म्हणताना हात तिच्या पदरात पडत राहायचे, आणि ती बुडायची. कुणीतरी बुडायला लागतं ना, ते कोण हे तुम्ही आधीच ठरवून टाकलं होतंत.

एका रविवारी शेजारी तुमचा फोन आला म्हणून तुम्ही अर्ध्यातून उठलात. आईची पाळी होती. ती वाटीखाली बघते, क्षणभर दाराकडे बघते आणि म्हणते, “चार.” दादा हसायलाच लागला. पण अण्णा, तिने चार केले. हुकूम दाबून ठेवला, आधी आमचे मोठे फासे काढून घेतले, पाचवा हात मला हसत हसत सोडला. इतका सुंदर डाव तुम्ही स्वतः कधी खेळला नाहीत. तुम्ही परत आलात, ऐकलंत आणि म्हणालात, “डाव रद्द. करंडीच भाव बोलायला लागली तर गाळा कसा चालायचा?” आम्ही हसलो का, ते मला आठवत नाही. आई मात्र हसली, वाट्या गोळा करून आत गेली आणि घासायला बसली. फासे ठेवून वाटी उष्टी होत नसते.

आणि खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या तो दिवस. सोसायटीच्या हॉलमध्ये बालवाडी काढत होत्या, आईला शिकवायला या म्हणत होत्या. आईने विचारलंसुद्धा, “किती वाजेपर्यंत असते?” इतक्या उत्साहाने ती मला पुन्हा कधी दिसली नाही. तुम्ही नुसता खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतलात. आईने आपण होऊन मूठ मिटली आणि म्हणाली, “मला काय झेपायचं ते!” बाई चहा पिऊन गेल्या. रात्रीची भाजी खारट झाली म्हणून तुम्ही ओरडलात.

मला तुम्ही कधी असं वागवलं नाहीत, हेही लिहायला हवं. मी तुमची लाडकी होते. दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही तो लाल फासा माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, “हुकूम आता तू टाकायचा.” मला आभाळ ठेंगणं झालं होतं. अजून तो माझ्याकडेच आहे.

गेल्या रविवारी दादा पुण्याहून आला, मी नेरूळहून गेले. आम्हा दोघांचं आपापलं सांगून झालं होतं. दादा म्हणाला, पुण्याची हवा चांगली, नातवंडं आहेत, लिफ्ट आहे. मी सांगितलं की माझ्याकडे तिची खोली तयार आहे. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली आहे, देवासाठी कोपरा केला आहे, खिडकीत तिला हवी तशी तुळस लावली आहे. आई दोघांचंही ऐकत होती आणि “तुम्ही ठरवा” एवढंच म्हणत होती. शेवटी दादा वैतागून म्हणाला, “आई, टेन्शन नको घेऊस. डाव समज. एक म्हणजे हिचं घर, दोन म्हणजे माझं. बोल.”

तेव्हा मी तिच्या मांडीवर बघितलं. तिची मूठ मिटली होती. सत्तरी उलटलेली बाई, टॉवेल टाकणारा माणूस केव्हाच जळून गेला, आणि हात अजून सांगितल्यासारखा मिटतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिची मूठ हातात घेतली, बोटं उलगडली आणि जवळजवळ ओरडलेच, “आई, अण्णा नाहीत आता. तुझं तू बोल!”

ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तीन.”

“तीन काय?” दादाने विचारलं.

“इथे शेजारीच बोनकोड्यात, आपलं दळण असतं त्या गिरणीवाल्या बाईंची वरची खोली. मी बघून आले. त्या म्हणाल्या, ‘खोली रिकामीच हाय, कवापन ये.’ खाली त्या असतातच. सकाळी मंदिरात बायका जमतात, त्यातल्या अर्ध्या माझ्या ओळखीच्या झाल्यात.” कमरेच्या पिशवीतून तिने किल्लीही काढून दाखवली. आम्ही दोघं किल्लीकडे बघायला लागलो तशी ती म्हणाली, “असं काय बघता? शेवटी बोलणाऱ्याने जुळवायचं नसतं ना? तुमच्या अण्णांचाच नियम.”

दादा मोठ्याने हसला आणि तिच्या पाया पडला. मी म्हणाले, एकटी कशी राहशील, रात्री काही झालं तर, भाजीपाला कोण आणेल. “अगं, इतकी वर्षं कोण आणत होतं?” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खुशीत होती, आणि चहा ठेवायला उठलीसुद्धा.

घरी आल्यावर मी त्या खोलीच्या दारात बराच वेळ उभी होते. कॉटवर नवी चादर घातलेली होती, ती घडी करून ठेवली. माझी चूक कुठे झाली ते मला कळत नव्हतं. तुझं तू बोल असं मीच तर म्हणाले होते, आणि मनापासून म्हणाले होते. फक्त ती माझं घर बोलेल असं मी धरून चालले होते.

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार? लाल फाशाच्या डबीखाली ठेवून देईन. तुमच्यावरचा राग कमी झालेला नाही, होणारही नाही. पण एक सांगते, तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही. आईने ‘तीन’ म्हटलं ना, त्या क्षणी मला तुम्ही हवे होतात. तुम्ही तिच्या हातावर टॉवेल टाकला असतात, खालून तिचं एकच बोट दाबलं असतंत, आणि ती मुकाट्याने माझ्याकडे राहायला आली असती.